डबा कोणी उघडला

मीटरचं खरं नाव घरच्यांपलीकडे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. अँप्लिफायर, स्पीकर, मिक्सर दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं आणि लोक चष्मा अडकवतात तसा त्याच्या गळ्यात सदानकदा मल्टीमीटर लटकलेला असायचा. म्हणून मीटर. घड्याळात वेळ बघितली तरी दुसऱ्या घड्याळाशी पडताळल्याशिवाय तो ती मानायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "आवाज फाटतोय," की हा आधी गिऱ्हाइकाकडे बघायचा, मग यंत्राकडे, आणि मनात म्हणायचा, दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते आत्ता कळेल.

हा स्वभाव जन्मजात नव्हता. पूर्वी त्याला एक भागीदार होता. गोडबोल्या, कष्टाळू, घरी येऊन जेवणारा. मीटरनं गिटारसाठी बनवलेल्या एका डब्याची त्यानं आतून-बाहेरून नक्कल उतरवली, दोन गल्ल्या सोडून वेगळं दुकान थाटलं आणि निम्मी गिऱ्हाइकं नेली. तेव्हापासून मीटर आपण बनवलेला प्रत्येक डबा बंद करताना आतल्या स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवायचा. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका तडकतो. बायको म्हणायची, "माझ्या नखांना मिळत नाही तेवढं तुझ्या स्क्रूंना मिळतं."

तर असा हा मीटर, आणि त्याच्याकडे एक दिवस दाजी आले.

दाजी म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान. एका छपाई कारखान्यात नोकरी करायचे, पण त्यांचा खरा जीव बेस गिटारमध्ये. त्यांचा चौघांचा बँड होता. हॉटेलांत, क्लबांत, कोणाच्या पार्टीत वाजवायचा. दाजींचा बेसचा अँप्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा. आत काचेचे दिवे लागायचे, ते तापायला वेळ घ्यायचे, आणि मग जो आवाज निघायचा तो ऐकून माणूस बोलायचा थांबायचा. पण तो उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागायची, आणि आता त्याचे दिवे एकामागून एक मान टाकत होते. नवे मिळत नव्हते; मिळाले तर टिकत नव्हते.

"मीटरराव," दाजी स्टुलावर टेकत म्हणाले, "मला त्याचा आवाज हवा, त्याचं वजन नको. पायाशी मावेल असा डबा कर. ट्रान्झिस्टरचाच कर, पण आवाज व्हॉल्व्हचा."

"म्हणजे बाईक हवी, पण चालायला हत्तीसारखी."

"तसंच समज."

काम मीटरच्या आवडीचं होतं. त्याला प्री-अँप करायचा होता, म्हणजे गिटार आणि मोठा अँप्लिफायर यांच्या मधला डबा. तारेचा इवलासा आवाज तिथेच मोठा होतो आणि त्याला रंगरूपही तिथेच मिळतं. मीटरनं त्यात साध्या ट्रान्झिस्टरऐवजी एफईटी जातीचे घेतले, कारण त्यांची चालचलणूक व्हॉल्व्हच्या जवळची. अडचण एकच. या जातीचे दोन तुकडे कधी सारखे निघत नाहीत. एकाच पुडीतले दोन भाऊ, पण एक तापट आणि एक थंड. म्हणून त्यानं ते सॉकेटमध्ये बसवले, पटकन काढता-घालता यावेत म्हणून, आणि शेजारी एक प्रीसेट ठेवला. प्रीसेट म्हणजे नखाएवढं गोल चाक, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं फिरवायचं. ते फिरवलं की ट्रान्झिस्टरची बैठक वर-खाली होते. पुरवठा अठरा व्होल्टचा होता, तेव्हा मीटरनं बैठक त्याच्या बरोबर मध्ये लावली, नऊवर. आवाजाची लाट जेवढी वर जाईल तेवढीच खाली येईल. शास्त्रात बसणारी, समतोल बैठक. वर नेलपॉलिशचा ठिपका.

दाजींनी दुकानातच गिटार जोडून वाजवून बघितली. डोळे मिटले, उघडले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"हो ना?"

"इस्पितळासारखं स्वच्छ आहे. पण त्यात कोणाला राहावंसं वाटणार नाही."

"दाजी, नीट सांगा. काय कमी आहे?"

"ऊब."

"ऊब म्हणजे किती?"

"अरे, थंडीत मागून कोणी खांद्यावर शाल टाकावी, तसं वाटायला पाहिजे."

"कितीची शाल? सुती की लोकरी?" मीटर चिडला. पण त्यानं कपॅसिटर बदलले, वरचे सूर जरा छाटले, खालचे फुगवले. दाजी दर खेपेला मान हलवायचे, म्हणजे नाही असं हलवायचे. शेवटी ते म्हणाले, "असं कर, थोडे दिवस मी घरी नेतो. सवय होईल तशी." आणि डबा कापडी पिशवीत घालून घेऊन गेले.

घरी म्हणजे त्यांच्या इमारतीच्या तळघरात. बँडचा सराव तिथेच चालायचा, आणि तळमजल्यावर, बरोबर त्याच्या डोक्यावर, दाजी आणि ताईचं बिऱ्हाड होतं. ताई भांडी घासत असली तरी पायाखालून बेस चालूच असायचा.

आठवडाभरानं दाजींचा फोन आला. आवाज असा, जणू घरात नवं माणूस जन्माला आलंय.

"मीटरराव, जिंकलंस! काय उघडलाय रे आवाज! अगदी तोच. आपला ड्रमवाला म्हणाला, जुना अँप दुरुस्त झाला का?"

मीटरला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यानं विचारलं, "काय बदललं?"

"मी कशाला काय बदलू? रुळला असेल. नवे बूट रुळतात ना, तसा."

मीटरनं फोन ठेवला आणि गळ्यातला मीटर हातात घेतला. बूट रुळतात, माणसं रुळतात, सुना रुळतात. ट्रान्झिस्टर रुळत नाहीत.

त्याच संध्याकाळी तो बाजारातून जात असताना त्यानं दाजींना चौकातल्या वाद्यवाल्याच्या दुकानातून बाहेर पडताना बघितलं. काखेत तीच कापडी पिशवी. वाद्यवाला दारापर्यंत सोडायला आलेला, आणि दोघं हसत होते. वाद्यवाल्याच्या दुकानामागे दुरुस्तीचा कारागीरही होता, चांगला हुशार, हे मीटरला ठाऊक होतं. त्याला तो जुना भागीदार आठवला. तो खांबाआड सरकला, दाजी निघून गेल्यावर मुद्दाम दुकानात शिरला आणि उगाच तारांचे भाव विचारू लागला.

"तुमच्या दाजींच्या डब्यानं माझी झोप उडवलीय बरं का," वाद्यवाला म्हणाला.

"कुठला डबा?"

"घ्या! करणारा तुम्ही आणि विचारणाराही तुम्ही." वाद्यवाला डोळे मिचकावून हसला. मीटरला ते मिचकावणं अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं "आतली धूळ काढून देतो" या सबबीवर डबा मागवून घेतला. दार आतून लावलं, झाकण उघडलं, भिंग लावलं. प्रीसेट फिरलेला होता. बैठक नऊवरून साडेअकरावर गेली होती. ठिपका होता, पण तो ठिपका त्याचा नव्हता! त्याच्या बायकोचं नेलपॉलिश भडक लाल. हा ठिपका डाळिंबी. कोणीतरी मूळचा खरवडून काढला होता आणि वर दुसरा, अगदी नीट, गोल, ठेवला होता. चोर तो चोर, वर नेटका.

मीटरनं डब्यात मोजणीचा सूर सोडला आणि आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर लाट बघितली. त्यानं लावली होती तेव्हा ती वर-खाली सारखी होती. आता वरचा खांदा गोल होता आणि खालचा जरासा चेपलेला, जणू कोणी एका बाजूला रेलून बसलंय. "बिघडवून ठेवलंय," तो पुटपुटला. पण असं बिघडवायलाही आतली जाण लागते. दाजींना स्क्रूड्रायव्हरची कुठली बाजू धरायची हे माहीत नव्हतं. म्हणजे हे काम दुसऱ्याचं. डबा उघडून उतरवून घेतला, उतरवताना प्रीसेट फिरला, मग खाणाखुणा झाकल्या. आणि डाळिंबी नेलपॉलिश कोण लावतं? दाजींची मुलगी. मीटरनं स्वतःच्या डोळ्यांनी भाचीची नखं बघितली होती.

त्यानं हे बायकोला सांगितलं.

"दाजी?" ती म्हणाली. "दाजींना पत्त्यांत थाप मारता येत नाही, आणि ते डबे चोरणार?"

"भागीदारही असाच साधा वाटायचा."

"म्हणून सगळं जग भागीदार?"

मीटर डब्याकडे वळला. त्यानं प्रीसेट परत नऊवर आणला, लाल ठिपका ठेवला, आणि झाकण लावताना डाव्या कडेला, बोर्डाखाली, पांढऱ्या दोऱ्याचा एक बारीक तुकडा ठेवला. झाकण उघडलं की दोरा पडणार. डबा त्यानं हसतमुखानं दाजींच्या हाती दिला. हसणं त्याला जड गेलं, कारण ताईनं दाजींबरोबर त्याच्यासाठी विणलेला मफलर पाठवला होता. मफलर चांगला होता. मीटरनं तोही उलटसुलट करून बघितला.

त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष लागलं नाही. कोणी दुकानात आलं की तो टेबलावरचे कागद पालथे घालायचा. वाद्यवाल्याच्या काचेत एक नवा काळा डबा मांडलेला दिसला, तर तो रस्त्याच्या पलीकडून त्याची बटणं मोजू लागला. तीन होती. त्याच्या डब्यालाही तीनच. झालं, खात्री पटली. जगातल्या निम्म्या डब्यांना तीनच बटणं असतात हे तो इतर वेळी कोणालाही सांगू शकला असता.

दाजींनी पुन्हा कळवलं: "सुरुवातीला जरा थंड झाला होता, पण आता परत मस्त."

मीटरनं पुन्हा डबा मागवला. ठिपका डाळिंबी. बैठक साडेअकरा. आणि दोरा... दोरा होता. तो बघून मीटरला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दोरा उजव्या कडेला आहे. त्यानं डावीकडे ठेवला होता. उघडणाऱ्यानं तो पडलेला पाहिला, कुठला तरी धागा आत गेलाय की मुद्दाम ठेवलाय असा विचार केला, आणि परत ठेवून दिला. आपल्याशी कोणी खेळतंय, असं त्याला वाटलं. डबा होता तसाच बंद करून त्यानं तो आणि हत्यारांची बॅग उचलली.

रविवारची दुपार होती. तळघरात सराव चालला होता. मीटर पायऱ्या उतरून आत गेला, डबा दाजींच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, "वाजवणं थांबवा. मला एक विचारायचंय."

ड्रमवाल्यानं काठ्या आवरल्या. गाणारा पाण्याची बाटली तोंडाला लावून तसाच थांबला.

"दाजी, हा डबा कोणी उघडला?"

"कोणी नाही."

"दोनदा उघडलाय. प्रीसेट फिरवलाय. माझी खूण पुसून दुसरी केलीय. तुम्ही हा वाद्यवाल्याकडे नेला होता. नाही म्हणू नका, मी पाहिलंय."

"नेला होता की," दाजी म्हणाले. "तारा घ्यायला गेलो होतो, तेव्हा दाखवला त्याला."

"दाखवला! आणि त्याच्या कारागिराला उघडू दिला. आता त्याच्या काचेत तसलाच डबा उभा आहे. दाजी, परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. तुम्ही घरचे. आपलेच दात, आपलेच ओठ. मी बोलू कोणाकडे?"

दाजी उंच माणूस. ते गिटार गळ्यातून न काढता उभे राहिले, पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या तोंडावर दार लावलं. "तू मला चोर म्हणतोयस," ते हळू म्हणाले. "माझ्या माणसांसमोर."

"मग सांगा ना कोणी उघडला!"

"मी उघडला."

आवाज पायऱ्यांवरून आला. ताई उभी होती, हात ओले, पदराला पुसत. वरून तिला सगळं ऐकू गेलं होतं. त्या घरात खालचं वर आणि वरचं खाली लपत नव्हतं.

"मी उघडला," ती पुन्हा म्हणाली. "दोन्ही वेळा. यांना माहीत नाही. हे कारखान्यात गेले की मी उघडायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

मीटर हसला. वाईट हसला. "ताई, नवऱ्याला पाठीशी घालू नकोस."

"मला काय गरज? त्यांच्या अंगात चोरी असती तर त्यांनी आधी नोकरीतून चार सुट्ट्या तरी चोरल्या असत्या." गाणाऱ्याला ठसका लागला. ताई पुढे आली. "तू केलेला डबा चांगला होता रे. पण आवाज मधोमध ताठ बसलेला होता. मुलाखतीला आलेल्या माणसासारखा. मी वर रोज ऐकत होते. मला कळेना की याला कोणी मागे टेकायला का सांगत नाही. म्हणून मी ते चाक फिरवलं. तू परत ताठ केलंस, मी परत फिरवलं."

"आणि तो ठिपका?"

"तू काळजीनं लावलेला, म्हणून मीही लावला. पोरीच्या बाटलीतला. तो दोरा मात्र का ठेवला होतास ते कळलं नाही. मला वाटलं, काही कामाचा असेल."

कोणीतरी हसेल असं वाटलं, पण हसलं कोणी नाही.

"तुला यातलं काय कळतं?" मीटर म्हणाला. शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले.

ताईच्या गालावर रंग चढला. "लाव तुझा मीटर," ती म्हणाली. "आत्ताच लाव. नाहीतर तुझा विश्वास बसायचा नाही, आणि मला यांच्यावरचा डाग घेऊन रोज पोळ्या लाटायच्या नाहीत."

मीटर खाली बसला. त्यानं बॅग उघडली, सगळ्यांकडे पाठ केली आणि झाकण काढलं. पाठ करण्याचं कारण होतं. त्यानं सॉकेटमधला ट्रान्झिस्टर काढून खिशात टाकला आणि दुसरा बसवला, आणि प्रीसेट पार एका टोकाला फिरवला. ताईला जर चाकाची जागा कोणी पढवली असेल, तर ती जुन्याच जागी थांबेल, या ट्रान्झिस्टरचा आवाज बिघडलेलाच राहील, आणि चोरी उघडी पडेल. मल्टीमीटरच्या तारा त्यानं अशा लावल्या की आकडा फक्त त्यालाच दिसावा.

"वाजवा, दाजी."

दाजींनी वाजवलं. रागानं वाजवलं, पण वाजवलं. डब्यातून निघालेला आवाज घसा बसल्यासारखा होता. ताई डब्याशेजारी फरशीवर बसली. तिनं स्क्रूड्रायव्हर पेन्सिलीसारखा धरला, मान भिंतीकडे वळवली आणि चाक फिरवायला लागली. घाई नव्हती. थोडं पुढे, थोडं मागे, कोणी खिडकी किती उघडी ठेवावी हे बघतं तसं. एकदा म्हणाली, "अहो, खालचीच तार, सावकाश." दाजींनी ऐकलं. हळूहळू आवाज रुंद झाला, जमिनीत उतरला, आणि ड्रमवाल्यानं नकळत पायानं ताल धरला. ताईनं हात काढला. "हा."

मीटरनं आकडा बघितला. साडेबारा.

"चूक," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता, त्याचा त्याला पुढे फार त्रास झाला. "दोन्ही वेळा साडेअकरा होतं. आज साडेबारा. ताई, हे अंदाजपंचे आहे."

"आकडे मला माहीत नाहीत," ताई म्हणाली. तिनं कपाळाला आठी घातली होती. "पण आजचा हा तो नाही. याचा स्वभाव वेगळा आहे, जरा आडमुठा. याला मनवायला जास्त लागलं. तू आत काय बदललंस?"

मीटरचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मीटरनं बॅगेतून छोटा स्कोप काढला, डब्यात मोजणीचा सूर सोडला. हिरव्या पडद्यावर लाट उमटली. वरचा खांदा गोल, खालचा जरासा चेपलेला. एका बाजूला रेलून बसलेली. दुकानात बघितली होती तीच, जशीच्या तशी. ट्रान्झिस्टर वेगळा, आकडा वेगळा, आणि लाट तीच. त्याच्या डोक्यात आता पाठ्यपुस्तकातलं पान उघडलं: व्हॉल्व्ह लाटेला दोन्हीकडून सारखं कापत नाही, एका बाजूनं मऊ, दुसऱ्या बाजूनं कडक. तीच ती ऊब. हे त्याला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. आणि तरी त्यानं चाक मधोमध ठेवलं होतं, कारण मध्ये ठेवलेल्या गोष्टीवर कोणी संशय घेत नाही.

"ताई..." तो म्हणाला.

दाजींनी गिटार स्टँडवर ठेवली. केबल काढली, कोपरावर घेऊन नीट गुंडाळली. मग डबा उचलून मीटरच्या बॅगेवर ठेवला.

"हा ने," ते म्हणाले. "मला नको."

पुढच्या दोन कार्यक्रमांत दाजी भाड्याच्या अँप्लिफायरवर वाजवून आले. ड्रमवाल्यानं मीटरला रस्त्यात गाठून सांगितलं की बेस असून नसल्यासारखा होता, आणि वर म्हणाला, "तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटलीत." मीटरच्या बायकोनं हेच वाक्य आदल्या दिवशीच ऐकवलं होतं, त्यामुळे त्याला त्यातलं नावीन्य जाणवलं नाही.

ताई मात्र आली. एका दुपारी ती दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "चहा मागव."

चहा आला. मीटरनं खाली बघत विचारलं, "हे तू शिकलीस कधी?"

"अण्णांकडे."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या हातचा रेडिओ गोड वाजतो अशी त्यांची ख्याती होती, आणि मीटर त्या ख्यातीवर लहानाचा मोठा झाला होता.

"अण्णांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते," ताई म्हणाली. "तू लहान होतास. ते मला शेजारी बसवायचे, कॉइलच्या आतला तो बारीक स्क्रू माझ्या हाती द्यायचे आणि म्हणायचे, गोड झालं की थांब. मी थांबायचे. गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, एवढीच अट होती."

"मला वाटायचं, तू हत्यारं द्यायला बसतेस."

"तीही द्यायचे."

मीटरला खूप काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस? सरळ सांगायचं ना, चाक फिरव म्हणून."

ताई हसली. "सांगितलं असतं, तर तू मीटर लावून सिद्ध केलं असतंस की मला कमी ऐकू येतं."

आपण नेमकं तेच केलं असतं, हे मीटरला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात वाद्यवाला आला. मीटरनं सवयीनं टेबलावरचा बोर्ड फडक्याखाली सरकवला. वाद्यवाल्यानं ते बघितलं आणि सोडून दिलं. "तुमचे दाजी येत नाहीत हल्ली," तो म्हणाला. "त्या दिवशी डबा घेऊन आले होते. दुकानात चार वाजवणारे बसलेले. प्रत्येकाला जोडून ऐकवला. हात लावू देईनात कोणाला. माझ्या कारागिरानं स्क्रूकडे नुसतं बघितलं, तर म्हणाले, खबरदार, हे माझ्या मेव्हण्याचं काम आहे, उघडायचं असेल तर त्याला विचार." तो थांबला. "मला असे पाच-सहा हवे होते, म्हणून आलो. तुमच्या नावानं विकीन."

वाद्यवाला गेल्यावर मीटरनं दुकान बंद केलं. शटर ओढून तो पायरीवर बसून राहिला. हा माणूस खरं बोलतोय कशावरून, असा विचार त्याच्या मनात आलाच. पण तो विचार या वेळी त्याचा त्यालाच किळसवाणा वाटला.

ताईनं सांगितलं होतं, "चारचौघांत म्हणालास, तर माफीही चारचौघांतच माग." तो पुन्हा सरावाच्या वेळी तळघरात गेला. नवा डबा घेऊन. तो दोघांनी मिळून केला होता; सोल्डरचे टाके मीटरचे, बैठक ताईची. पायऱ्या उतरताना त्यानं वाक्य तयार केलं होतं, खाली पोचेपर्यंत तो ते विसरला.

"दाजी," तो म्हणाला, "त्या दिवशी मी यांच्यासमोर तुम्हाला चोर म्हणालो. ते खोटं होतं. आणि ताईला म्हणालो, तुला काय कळतं, तेही. तुम्ही माझा डबा मिरवत होतात आणि मी खांबाआडून बघत होतो. मला क्षमा करा."

दाजी तारा जुळवत होते. त्यांनी जुळवणं पूर्ण केलं.

"ऐकलं," ते म्हणाले.

बस, एवढंच. मग त्यांनी पायानं डबा जवळ ओढला, केबल जोडली आणि ड्रमवाल्याला मानेनं खूण केली. आवाज भिंतींना टेकला. वर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. मीटर एक गाणं संपेपर्यंत उभा राहिला. बस म्हणून कोणी म्हटलं नाही, तेव्हा तो निघाला.

वाद्यवाल्याचे डबे त्यांनी केले. ताई आता दुपारची दुकानात येते. ती आली की आधी टेबल आवरते, मग भांडते. मीटर आजही तिनं फिरवलेल्या प्रत्येक चाकाखाली मीटर लावून बघतो. ती म्हणते, "बघ बाबा, तुझं समाधान होऊ दे." बघून झालं की तो आकडा लिहीत नाही, कारण पुढच्या डब्यात तो उपयोगाचा नसतो.

दाजी बरेच दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. घरच्या जेवणाला समोरासमोर बसायचे, मीठ मागितलं तर द्यायचे, पण मीटरराव म्हणायचे नाहीत. मग एकदा, ध्यानीमनी नसताना, बँडचा मोठा स्पीकर घेऊन रिक्षानं आले. त्याच्या आतल्या पडद्याचा कागद फाटला होता. मीटर बाहेर धावला. दाजींनी त्याच्याकडे न बघता स्पीकरची एक बाजू धरली.

"खालून धर," ते म्हणाले. "आणि पायरीकडे लक्ष दे. मागच्या खेपेला एकानं माझी बोटं चेमटवली होती."

"धरलंय."

"नीट धरलंयस?"

"धरलंय, दाजी."

दाजींनी तरी वाकून त्याचे हात कुठे आहेत ते एकदा बघून घेतलं, आणि मग उचलला.